तिसरा खण

रविवारी संध्याकाळी ग्रीअर पाच बरण्या पुसून
ओट्यावर मांडते. जॅमच्या तीन, मोहरीची एक,
आणि एक मुरवलेल्या बिटाची,
जिच्या झाकणाची लाल कड काही केल्या निघत नाही.

थर्सोत वारा खिडकीशी हुज्जत घालत असतो.
ती ओट्स मापते. अर्धा कप, अर्धा कप,
पाचवीला पिशवीचा तळ झटकून जेमतेम.
वरून थंड दूध. मग चवी :
सोमवारला सफरचंद-दालचिनी,
मंगळवारला कोको,
बुधवारला वेलदोडा, ठेचून, सालासकट,
गुरुवारला गोठवलेल्या रानबेऱ्या, खड्यांसारख्या टणटणीत,
शुक्रवारला जे उरेल ते.
शुक्रवारला नेहमीच जे उरेल ते.

मागे डूगल उभा असतो, तिचा बाप,
शहाऐंशी वर्षांचा, गॅलिस अडकवलेला, एका खांद्यावरून सुटलेला.
"हे लाड आहेत," तो म्हणतो,
"लापशीला लागतं पाणी, मीठ
आणि ढवळणाऱ्या हाताला थोडा राग.
आई खणात ओतायची. ड्रेसरच्या, तिसऱ्या.
सुतळी आणि मेणबत्त्या आधी बाहेर काढून.
गार झाली की वड्या पाडायची.
बोटीवर जाताना बापाच्या खिशात एक वडी,
आठवडाभर पुरायचा एक खण."

ही गोष्ट तो दर रविवारी सांगतो.
गेल्या हिवाळ्यापासून एकाच रविवारी दोनदा.

पावणेपाचला ती निघते,
स्क्रॅबस्टरच्या धक्क्यावर, पिवळ्या जाकिटात,
फेरीच्या पोटात लॉऱ्या भरायला.
तो आठला उठतो, फ्रिज उघडतो
आणि बरणीवरच्या चिकटपट्टीवर वाचतो, आज काय आहे.
रेडिओवर त्याचा विश्वास नाही.
वार मात्र घसरतात.
मंगळवारीच गुरुवार संपलेला असतो,
बुधवार तसाच मागे, दाराजवळ, आंबत.
ती विचारत नाही. घरी आल्यावर
सिंकमध्ये कोणता वार भिजत पडलाय ते बघते, बस्स.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी
फ्रिज रिकामा होता.
पाचही बरण्या विसळून उपड्या घातलेल्या,
बिटाच्या झाकणासकट.
एका सकाळी पाच दिवस खाल्ले?
"डॅड?" ती जिन्याच्या तोंडाशी ओरडली. "डॅड!"

तो स्वयंपाकघरातच होता, दारामागच्या खुर्चीत.
बाही कोपरापर्यंत वर, कोपराला कोको.
टेबलावर सुतळी, दोन मेणबत्त्या, टॉर्चची बॅटरी,
शिस्तीत, एका रेषेत.
"उघड," तो म्हणाला. "तिसरा."

पाचही वार एकात एक उतरले होते.
तपकिरीत जांभळा ओघळ,
सफरचंदाच्या फोडी वर आलेल्या,
आणि फटीतून खालच्या चमच्यांवर
दूध एकेक थेंब गळत होतं.

ही शिजवलेली नसते, डॅड,
ही घट्ट व्हायची नाही कधी,
असं ती म्हणणार होती.
तो इतका नीट बसला होता.
मग तिने सुरी घेतली
आणि एक रेघ मारली, मग आडवी एक.
सुरीमागे रेघ मिटत गेली.
पुन्हा मारली. पुन्हा मिटली.

"घाई करतेस," तो म्हणाला. "गार होऊ दे."

जाकीट न काढताच ती समोर बसली.
अंधार साडेतीनलाच पडतो तिथे या दिवसांत.
शेवटी दोन चमचे आणले, खण मध्ये ठेवून दोघं जेवली.
तो बराच वेळ चघळत राहिला,
डोळे मिटून, वेलदोड्याचं साल दातांत आल्यासारखा.
"आळणी," म्हणाला.

ती उठून मीठ घेऊन आली.

मंगळवारी पहाटे ती उपाशीच निघाली.
धुतलेला खण रेडिएटरला टेकून वाळत होता.
तळाला गॅसचं बिल चिकटलेलं,
त्याच्याकडून बाहेर काढायचं राहिलेलं,
एकशे अठरा पौंड, आकडा अजून वाचता येत होता.